पंचेचाळीस मिनिटं

"अहो, ती तार सैल आहे! नेऊ नका विमान!"

सुखदेव खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, तोवर पडद्यावरचं विमान निघालंसुद्धा होतं. मागच्या रांगेतून एक शांत आवाज आला, "आजोबा, ते इंग्रज आहेत. त्यांना मराठी कळत नाही. बसा."

लोक हसले. शेजारी बसलेल्या नातीने, मैत्रीने, हात धरून आजोबांना खाली बसवलं.

सिनेमा पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकांचा होता. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली विमानं, तारांनी आवळलेले पंख, पॅराशूटचं नाव नाही. वीस-बावीस वर्षांची पोरं त्यात बसून हसत हसत वर जात होती. खाली उभा असलेला मेकॅनिक हाताने पंखा फिरवून द्यायचा आणि मग आकाशाकडे बघत राहायचा. सगळं थिएटर वैमानिकाकडे बघत होतं, सुखदेव एकटे मेकॅनिककडे. हवाई दलात तेवीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. विमान तपासायचं, उड्डाणास योग्य म्हणून सही करायची आणि ते परत येण्याची वाट बघायची.

पडद्यावरच्या विमानाचा पंख मुडपला. सुखदेवांनी डोळे मिटून घेतले.

मैत्रीची हवाई दलात वैमानिक म्हणून निवड झाली होती आणि मंगळवारी तिला निघायचं होतं. तिची आई शर्मिला महिनाभर धड जेवली नव्हती. बाप अभय, "तुम्ही दोघी ठरवा," म्हणून मोकळा झाला होता. शेवटी शर्मिलाने सासऱ्यांवर सोपवलं. "बाबा, तुम्ही सही केलेल्या एकाही विमानाला कधी काही झालं नाही. तुम्ही म्हणाल तसं." यावर बाबांनी, "सिनेमा बघून येतो, मग सांगतो," असं विचित्र उत्तर दिलं होतं.

या बाबतीत त्यांचा शब्द घरात अखेरचा होता. माणूसच तसा काटेकोर. विश्रांतवाडीच्या त्यांच्या स्वयंपाकघरात झारा, उलथनं, किसणी भिंतीवर टांगलेली असत, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने काढलेली त्याची आकृती. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती लगेच दिसावी म्हणून. पत्नी चंपाबाई होत्या तोवर म्हणायच्या, "माझीपण काढून ठेवा एक. हरवले तर कळेल तरी." त्या जाऊन सहा वर्षं झाली.

मध्यंतरात मैत्री पॉपकॉर्न घ्यायला उठली, तेव्हा सुखदेवांनी तिला थांबवलं.

"सत्त्याहत्तर सालची गोष्ट आहे. तिकडे उत्तरेत होतो मी. काम झालं की हत्यारं मोजायची आणि मगच सही करायची, असा नियम. एक जरी कमी भरलं तरी विमान हलवायचं नाही. आत राहिलेला पान्हा कुठे जाऊन अडकेल, सांगता येत नाही. त्या दिवशी घाई होती. मी आधी सही केली आणि मग मोजली. दहा नंबरचा पान्हा नव्हता."

"विमान गेलं होतं?"

"नाही. धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं."

"मग थांबवलंत ना?"

सुखदेवांनी नकारार्थी मान हलवली. "आमच्या तुकडीत बौद्ध मी एकटा. एक जण रोज टोमणा मारायचा, ह्यांच्या हातात हत्यार देऊ नये म्हणून. तो तिथेच उभा होता. त्याच्यासमोर चूक कबूल करायची हिंमत झाली नाही माझी. विमान वर गेलं, मी गप्प बसलो. पंचेचाळीस मिनिटं."

"आणि?"

"आलं परत. पान्हा ट्रॉलीखाली पडला होता. पायलट उतरला, पाठीवर थाप मारून म्हणाला, सुखदेव, तुझी सही असली की मी निर्धास्त बसतो. तुझ्या आजीलासुद्धा हे कधी सांगितलं नाही."

मैत्रीचा चेहरा उतरला. "आजोबा, प्लीज, आईला नका सांगू हे. ती सरळ नाही म्हणेल. फक्त हो म्हणा ना. एवढंच."

"म्हणजे परत गप्प बसू?"

उरलेला सिनेमा दोघांनी पाहिला, पण त्यात काय झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

घरी शर्मिला दारातच उभी होती. "काय ठरलं, बाबा?"

मैत्रीने आजोबांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सुखदेवांनी नजर वळवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. सही, पान्हा, तो टोमणेवाला, पंचेचाळीस मिनिटं. स्वतःची बाजू सावरणारा एक शब्दही मध्ये घातला नाही. शेवटी म्हणाले, "हिच्या विमानावरही माझ्यासारख्याच कुणाची तरी सही असणार. काही होणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही, शर्मिला."

मैत्री मटकन सोफ्यावर बसली. शर्मिलाने सासऱ्यांकडे बघून विचारलं,

"त्या पायलटला आई होती?"

"होती. आठवड्याला पत्र यायचं तिचं."

"तिला कळलं कधी?"

"नाही."

"मग सुखाने झोपली असेल बिचारी. मला आता झोप यायची नाही." शर्मिला म्हणाली. "महिनाभर जो तो सांगतोय, काही होत नाही गं, काही होत नाही. एकाचंही खरं वाटलं नाही मला. आज पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं."

मग ती लेकीकडे वळली. "बसलीस काय? बॅग माळ्यावर आहे. काढ. आणि स्वेटर दोन घे."

मैत्री स्टुलावर चढली. सुखदेवांनी वाकून स्टूल दोन्ही हातांनी धरलं. बॅग घेऊन ती खाली उतरली, आईच्या मागोमाग आत गेली, तरी सुखदेव स्टूल धरूनच उभे होते.