मानपाड्यावरून विमान

मानपाडा ते शीळफाटा या पट्ट्यात मयूरने तीनशे बारा इमारती उभ्या केल्या होत्या. शिवाय चार पाण्याच्या टाक्या, एक उड्डाणपूल, गावदेवीचं देऊळ आणि कारखान्यांची सव्वीस धुराडी. त्याच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, इथे नुसते एकसारखे ठोकळे होते. ते काढून, स्वतः काढलेले फोटो चिकटवत त्याने आठ महिन्यांत खरं मानपाडा रचलं. बीएस्सीनंतर त्याच्याकडे वेळच वेळ होता. दाखवायला मात्र कोणी नव्हतं. आई गेल्यापासून घरात तो आणि बाबा, दोघंच. आणि बाबा जेवणापुरते बोलत.

त्या रविवारी दुपारी बाबा पहिल्यांदाच त्याच्या खोलीच्या दारात थांबले.

"ह्यो दामूचे शेतावरचा टॉवर ना?" त्यांनी पडद्यावरच्या एका उंच इमारतीकडे बोट केलं.

मयूरने घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. "बसा ना."

बाबा बसले. विमान टॉवरकडे वळलं आणि पडदा अडखळायला लागला.

"इमान हाय का शीळफाट्याची रिक्षा? कवरं हादरतंय."

"कॉम्प्युटरला एवढं सगळं भराभर काढता येत नाही, बाबा. सेकंदाला तीस तरी फ्रेम, म्हणजे चित्रं, लागतात. हा अकराच काढतोय."

"मना चक्कर यते रं." बाबांनी खुर्चीच्या हाताला धरलं.

आता हे उठले की पुन्हा यायचे नाहीत, हे मयूरला पक्कं ठाऊक होतं. "दोनच मिनिटं," तो म्हणाला. बाबांना बिल्डरला विकलेली आपली शेतं बघायची असणार. मग इमारती हव्यात कशाला? त्याने तीनशे बाराच्या तीनशे बारा पडद्यावरून काढून टाकल्या. टाक्या, धुराडी, देऊळ, सगळं काढलं. जमिनीच्या चित्रातला तपशीलही अगदी कमी केला.

विमान लोण्यासारखं सरकू लागलं. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं.

बाबा पुढे वाकले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"आपली खाचरं कुठली?" मयूरने विचारलं.

"टॉवर कया गेलं?"

"काढले. तुम्हाला शेतं बघायची होती ना?"

"अरे, बांध तं बिल्डरनं कवाच मोरलं. दामूचा टॉवर दिसला का त्याचे मागं आपला शेत. टाकीजवल तुजे आयेचा भाजीचा वाफा. आता हे हिरवे चादरीत मी काय वलकू?"

"परत टाकतो सगळं. थांबा."

"मंग परत हादरंल ना?"

मयूर इमारतींची यादी उघडू लागला.

"ऱ्हाऊ दे. तुजा चालू दे," म्हणत बाबा उठले. पलीकडच्या खोलीत टीव्ही लागला.

विमान शीळफाट्याच्या दिशेने सरळ चाललं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता : सेकंदाला अठ्ठावन्न फ्रेम.