एका पत्त्यावर दोघे

'कृतज्ञ' हा शब्द हल्ली ज्या सढळपणे वापरला जातो तो पाहिला की मला हात धुवावेसे वाटतात. निरोपसमारंभात प्रत्येक जण कृतज्ञ असतो. कशाबद्दल, हे विचारणे मात्र असभ्यपणाचे ठरते. शब्द बिचारा स्वच्छ आहे. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. समोरच्याने नेमके काय केले हे ज्याला ठाऊक नाही तो फार तर उपकृत असेल, कृतज्ञ नव्हे. माझ्या नणंदेने एका दुपारी आमच्या घरात जे केले ते मी म्हणूनच खोदून खोदून विचारून घेतले.

ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आवाज शस्त्रक्रियेत गेला. शल्यविशारदांनी घशातला रोग काढला आणि त्याबरोबर स्वरयंत्रही. माणूस ठेवला, याबद्दल मी त्यांची खरोखर ऋणी आहे. तेव्हापासून हे एका खोक्यामार्फत बोलतात. कळफलकावर शब्द टाइप करायचे, खोका ते उच्चारतो, आणि घरातल्या जाळ्यावरून तेच शब्द स्वयंपाकघरातल्या आणि माझ्या अभ्यासिकेतल्या ध्वनिक्षेपकातही उमटतात; सभा असली की तिथेही ते याच जाळ्यावरून पोचतात. हे जाळे तारांचे आहे. बिनतारी करून पाहिले होते, पण आमच्या भिंतींपुढे पुस्तकांच्या भिंती आहेत, आणि त्यांतून माणसेच जेमतेम पलीकडे जातात, तिथे लहरींची काय कथा.

ज्या संस्थेचे हे विश्वस्त आहेत तिचा एक संध्याकाळचा वाचनकक्ष आहे. ज्यांच्या घरी दिव्याखाली बसायला जागा नाही अशा कुणीही यावे, काही न विचारता बसावे, दिवे मालवेपर्यंत वाचावे. संस्थेच्या धुरीणांना तिथे पाहुण्यांसाठी दालन करायचे होते. गालिचा कोणत्या रंगाचा, इथवर विचार पोचला होता. आड येत होती ती फक्त मूळ देणगीदाराची अट: वापर बदलायचा तर सर्व विश्वस्तांचे एकमत हवे. म्हणजे एकाचा नकार पुरे. तो नकार ह्यांच्याकडे होता, आणि ज्या मागच्या सभेला हे घरून, पडद्यावरून हजर होते, तिच्यात तो खोक्यातच राहिला. ऐन वेळी खोका मुका झाला. पडद्यावरच्या कार्यवाहांनी शिष्टाचारापुरते थांबून नियम वाचून दाखवला: तांत्रिक अडचणीमुळे सदस्याचा प्रतिसाद न आल्यास मौन ही संमती समजावी. कापलेल्या घशाच्या माणसाला हे वचन ऐकवण्यासाठी किती व्यासंग लागतो याची मला कल्पना नाही. ठराव 'एकमताने' नोंदला गेला. त्या दुपारी चार वाजता त्यावर शिक्कामोर्तब व्हायचे होते, आणि त्यानंतर वाचनकक्ष परत मिळणार नव्हता.

संस्थेनेच जाणूनबुजून ह्यांचा पत्ता कापला, असा माझा सिद्धान्त होता. त्यावर मी तळटिपांसह चार पानी पत्रही रचले होते. ते वन्संनी बूट काढता काढता वाचले.

ह्यांच्या थोरल्या बहिणीला मी वन्सं म्हणते. रुग्णालयांमध्ये संगणकांची जाळी उभारण्यात त्यांचा जन्म गेला, आणि नम्रता हा दोष त्यांना कधी शिवला नाही. आमच्या लग्नात त्या म्हणाल्या होत्या, "मुलगी कमी, ग्रंथालय जास्त आणलंस रे." तेव्हापासून आमचे संबंध व्याकरणशुद्ध होते.

"पत्र छान आहे," त्या म्हणाल्या. "निम्म्या तळटिपा मला कळल्या नाहीत, म्हणजे छानच असणार. राघू, तोंड उघड."

लहानपणी हे अखंड बडबडत, म्हणून राघू. ह्यांनी कळा दाबल्या. खोका म्हणाला, "उघडतो. आत काही नाही, ताई."

"पूर्वी तरी काय होतं?" वन्सं म्हणाल्या, आणि ह्यांचे खांदे हलले. आता ह्यांचे हसणे खांद्यांत असते. कितीतरी दिवसांनी मी ते पाहत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "खोका गप्प झाला तेव्हा तुम्ही काय करत होता, वहिनी?"

"छपाई."

"कशाची?"

"ह्यांच्या हरकतीची. लेखी असावी म्हणून ह्यांनीच सांगितलं होतं."

वन्संनी प्रिंटर पुढे ओढला, खाली हात घालून चाचपला आणि मला वाकायला सांगितले. संस्थेच्या संगणक अधिकाऱ्याने आमच्याकडे येऊन प्रत्येक यंत्राला हाताने एकेक पत्ता दिला होता आणि त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. प्रिंटरच्या पोटावर चोवीस. खोक्याच्या पाठीवरही चोवीस.

"प्रिंटर एरवी झोपलेला असतो," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही छापायला सांगितलं की जागा होतो आणि म्हणतो, चोवीस मी. खोका म्हणतो, मी. जाळ्याला कळत नाही कुणाचं टपाल कुणाला द्यायचं. एका पत्त्यावर दोन यंत्रं नांदत नाहीत, वहिनी. माणसंसुद्धा क्वचितच."

"आमचं चाललंय."

"तुमच्यात बोलणारा एकच होता म्हणून."

म्हणजे ह्यांची हरकत कागदावर उतरत होती आणि नेमकी त्यामुळेच ती कुणाला ऐकू जात नव्हती. कट नव्हता, केवळ एक माणूस मोजताना चुकला होता. चार पाने तळटिपांसकट निकालात निघाली. कटाला निदान बुद्धी लागते, म्हणून शत्रूबद्दल थोडा आदर तरी बाळगता येतो, तोही गेला. मौनाला संमती म्हणणारा नियम मात्र चुकून कुणी लिहिला नव्हता. माझा राग मी तिकडे वळवला. तिथे त्याला भरपूर जागा होती.

"मग प्रिंटरला पंचवीस द्या. संपलं," मी म्हटले.

"आणि उद्या एखाद्या परिचारिकेचं यंत्र आलं की? माझा लॅपटॉप आत्ता आलाच आहे. कोणता आकडा रिकामा आहे ते कोण लक्षात ठेवणार? पत्ते खेळता ना तुम्ही?"

"नाही."

"वाटलंच. पत्ते वाटणारा एकच असावा लागतो. प्रत्येकाने आपापलं पान घरून आणलं तर दोघांच्या हातात एकच राजा निघतो. इथे वाटायचं काम स्विचला देऊ."

आमचा स्विच म्हणजे कोशांच्या कपाटात सर्वांत खाली ठेवलेली लोखंडी पेटी. सगळ्या तारा तिच्या पुढच्या भोकांत येतात आणि प्रत्येकीवर एक हिरवा ठिपका लुकलुकतो. वन्संनी जमिनीवर बैठक मारली, लॅपटॉपची तार पेटीला जोडली आणि काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला सुरुवात केली. मी शेजारी बसले. प्रश्न विचारले की त्या चिडतील असे वाटले होते. त्या उलट रंगात आल्या.

आधी कोणते पत्ते वाटायचे नाहीत ते सांगायचे: एक स्विचचा स्वतःचा आणि एक राउटरचा, कारण बाहेरच्या जगात जायचे दार तोच. मग उरलेली गड्डी स्विचच्या हवाली करायची. नवे यंत्र जोडले गेले की ते ओरडते, कुणी पत्ता देता का. स्विच एक पान काढून देतो आणि बाहेर जायचे दार कुठे आहे तेही सांगतो.

"कायमचा देतो?"

"छे. मुदतीने. भाडेपट्ट्यासारखा. मुदत सरायच्या आत यंत्र स्वतःच वाढवून मागतं. नाही मागितली तर पत्ता परत गड्डीत."

"ही सोय कार्यवाहांच्या पदालाही असायला हवी होती."

वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही विनोद करता, वहिनी?"

"अधूनमधून."

"इतकी वर्षं कळू दिलं नाहीत."

खोक्यासाठी त्यांनी वेगळी तजवीज केली. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातच एक जन्मखूण कोरलेली असते. खोक्याची खूण पाहून त्यांनी स्विचला बजावले, की ही खूण दिसली तर चोवीसच द्यायचा आणि दुसऱ्या कुणालाही तो कधी द्यायचा नाही. हे यंत्र बंद असले, घराबाहेर असले तरीही. याला राखीव पत्ता म्हणतात. नंतर त्यांनी घरभर फिरून एकेका यंत्रातला हाताने घातलेला आकडा पुसला आणि त्याला मागून घ्यायला शिकवले. प्रिंटरने मागितला, मिळाला. ध्वनिक्षेपकांनी मागितले, मिळाले. शेवटी खोका बंद करून चालू केला. त्याने मागितला, आणि त्याला मिळाला नाही.

साडेतीन होऊन गेले होते. खोक्याने स्वतःच्याच मनाने एक भलताच आकडा धारण केला होता, जो आमच्या घरातल्या कुणाच्याच ओळखीचा नव्हता. हे स्थिर बसून होते, फक्त त्यांचे दोन्ही अंगठे कळफलकाच्या कडेवरून फिरत होते. बोलता येत असे तेव्हा सभेआधी हे टेबलाच्या कडेवरून तसेच अंगठे फिरवत. मी नजर कोशांवर लावली. कोशांचा तेवढाच उपयोग होता.

"राहू द्या, वन्सं," मी म्हटले. "पुन्हा हाताने घाला आकडा."

"रुग्णालयात मी एक यंत्र मुकं सोडलं नाही, ते भावाच्या घरी सोडू?" त्या पालथ्या पडून ठिपक्यांकडे पाहत होत्या. खोक्याच्या तारेवरचा ठिपका आधी पिवळा झाला आणि बऱ्याच वेळाने हिरवा. "हां. वहिनी, तुमच्या दारावर कुणी आलं तर तुम्ही आधी काय करता?"

"आतून पाहते. कोण आहे ते विचारते."

"आणि दार उघडेपर्यंत पाहुणा जिना उतरलेला असतो. मी अनुभव घेतलाय. हा स्विचही तसलाच. तार जोडली की आधी खात्री करत बसतो, ती फिरून परत आपल्याकडेच तर येत नाही ना. तोवर खोका ओरडून ओरडून थकतो आणि मनाचा पत्ता घेऊन बसतो. प्रिंटरला धीर आहे, तो पुन्हा पुन्हा मागतो. खोक्याला नाही. राघूचाच खोका."

त्यांनी एक ओळ लिहिली: या भोकात एकच यंत्र आहे, दार लगेच उघड. खोका पुन्हा चालू झाला, आणि पडद्यावर त्याच्या जन्मखुणेसमोर चोवीस उमटला.

"हॅलो," खोका म्हणाला. स्वयंपाकघरही म्हणाले, अभ्यासिकाही म्हणाली.

"थांब, जतन करू दे," वन्सं म्हणाल्या. "नाहीतर वीज गेली की हा सगळं विसरेल. याची स्मरणशक्ती तुझ्यासारखी आहे, बायकोसारखी नाही."

चार वाजता पडद्यावर चेहरे जमले. कार्यवाहांनी मागील सभेचा ठराव वाचला, गालिच्याचा उल्लेख केला आणि हसून विचारले, "कुणाची हरकत नाही ना?"

वाक्याची बांधणी मी ओळखली. 'नाही' म्हटले तर ती संमती, गप्प राहिले तरी ती संमती. इतका चोख सापळा त्यांना नकळत जमला असणार. ह्यांनीही तो ओळखला होता. त्यांनी तीनच कळा दाबल्या.

"आहे," खोका म्हणाला.

पडद्यावर कुणीतरी घसा साफ केला; ती चैन ज्याला परवडते त्याने करावी. "कोण बोललं?" कार्यवाहांनी विचारले.

"मी. माझी हरकत आहे."

कार्यवाहांनी कागद चाळले. "एकदा नोंदलेल्या ठरावावरची हरकत नियमाप्रमाणे लेखी लागते. सहीनिशी, सभा संपायच्या आत. आहे का तयार?"

हरकत माझ्या संगणकात तयार होती. मागच्या तारखेची प्रत आता चालणार नव्हती, नवी छापायची होती. माझा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. मागच्या वेळी याच बोटाने हाच मजकूर छापला होता.

"वहिनी," वन्सं दारातून हलकेच म्हणाल्या, "छापा."

मी बटण दाबले. प्रिंटर जागा झाला, कुरकुरला, कागद ओढू लागला. कार्यवाह म्हणाले, "आवाज येतोय ना तुमचा? नसेल, तर नियमाप्रमाणे..." आणि प्रिंटरच्या त्या खडखडाटावरून, संथ आणि स्पष्ट, खोका बोलू लागला. मी कागदावर नाही, ह्यांच्या बोटांवर डोळे लावून होते. ह्यांनी वाचनकक्षाबद्दल सांगितले, तिथे बसून शिकलेल्यांबद्दल सांगितले, आणि पहिल्या रांगेतला कोपरा एके काळी त्यांचा स्वतःचा होता हेही. ते मलाही ठाऊक नव्हते. कागद बाहेर आला तरी हे बोलतच होते. मी कागद पुढे धरला, ह्यांनी डाव्या हाताने सही केली. उजवा कळांवरच होता. वन्संनी त्याचे छायाचित्र सभेला पाठवले.

एकमत मोडले. कार्यवाहांनी तसे नोंदवले, आणि वाचनकक्ष पूर्वीप्रमाणे चालू राहील हे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडाने वाचावे लागले. मी ते उभी राहून ऐकले.

पडदा बंद झाल्यावर वन्सं तारा गुंडाळू लागल्या. आभारप्रदर्शनावर मी पूर्वी एक निबंध लिहिला आहे. त्यातले एकही वाक्य मला आठवेना.

"वन्सं," मी म्हटले, "मौन ही संमती नव्हे हे तुम्ही आज..."

"माझं मौन तुम्ही कधी ऐकलंयत?" त्या म्हणाल्या. "राहू द्या. परकी आहे का मी? शेवटची गाडी गाठायची आहे."

तेवढ्यात दोन खोल्यांतून एकाच वेळी ह्यांचा आवाज आला. "राहा म्हणावं तिला."

इतक्या वर्षांत त्यांना राहा असे मी कधी म्हटले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नव्हते. पाहुण्यांच्या पलंगावर माझे संदर्भग्रंथ उशाशी-पायथ्याशी रचलेले होते. मी त्या खोलीत गेले आणि पहिला खंड उचलून खाली ठेवला, मग दुसरा.

वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. "इथे जागा कुठे आहे, वहिनी? गड्डी संपली दिसतेय."

"नाही," मी म्हटले. "हा तुमच्यासाठी राखीव."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूचे खंड उचलायला सुरुवात केली. तेही चुकीच्या क्रमाने. मी काही बोलले नाही.