फुंकरीआधीचा तास

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर शिवणकाम कारखान्यातले कटिंग मास्तर उजवा हात उंच करून उभे होते आणि माणसं टाळ्या पिटत होती. सकाळी याच हातातून कात्री गळून पडली होती, तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. फुंकरबाबांनी पितळी नळीतून कानात एक फुंकर घातली आणि मास्तर खडखडीत बरे!

"अंगावरून वारं गेलं होतं," बाबा गरजले. "वाऱ्याला वाऱ्यानंच काढायचं! आता हॉस्पिटलची पायरी चढलात, तर गुण गेलाच समजा!"

दाराशी उभ्या फिजिओथेरपिस्ट ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची व्यायामाची खोली रस्त्यापलीकडेच होती. बाबांचे बरे झालेले पेशंट मंचावर दिसायचे. न झालेले चार महिन्यांनी ताईंकडे यायचे, पाय ओढत. मास्तरांना अजून वेळ होता, आणि हा गृहस्थ घरी निघाला होता!

ताईंनी मास्तरांच्या बायकोला बाजूला घेतलं. "वहिनी, हात हलला कधी?"

"फुंकर घातली तेव्हा."

"नीट आठवा. त्याआधी काय केलंत?"

"बाकावर बसलो. बाबांचा नियमच आहे, तासभर मुकाट बसायचं, मगच नंबर. यांनी चष्मा काढून पुसला, मग..." वहिनी थबकल्या. "अगंबाई! दोन्ही हातांनी पुसला."

"फुंकरीआधी?"

"फुंकरीआधी."

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. कधी आपोआप सुटते, बहुतेकदा तासाभरात. ज्यांची सुटते त्यांना बाबा मंचावर घेतात. ज्यांची सुटत नाही त्यांना?"

"म्हणतात, श्रद्धा कमी पडली."

आयत्या बिळावर नागोबा! ताई म्हणाल्या, "वहिनी, सुटलेली गुठळी हा इशारा आहे. मोठा झटका आजही येऊ शकतो."

"मी ठणठणीत आहे," मास्तर कुरकुरले. "कापड तसंच पडलंय तिकडे."

"पडू दे! गाडीत बसा आधी," वहिनी कडाडल्या.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी मास्तरांना हात वर करायला लावला. "सगळं नॉर्मल आहे. ॲसिडिटी, टेन्शन असेल. गोळी देतो."

ताईंनी कपाळावर हात मारला. तिकडे फुंकर, इकडे गोळी! "डॉक्टर, आत्ता कसे आहेत ते बघताय. तेव्हा कसे होते ते विचारा ना!"

वहिनींनी सांगितलं: नऊ वाजून दहा मिनिटं, हात, तोंड, बोलणं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. डोक्याचा आणि मानेचा स्कॅन झाला. मानेतली डावी रक्तवाहिनी तीन चतुर्थांश बंद होती.

"मी यांना घरी पाठवत होतो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. त्यांनी लगेच मास्तरांना भरती करून घेतलं.

वहिनींनी ताईंना विचारलं, "मग बाबांनी केलं तरी काय?"

"तासभर बसवून ठेवलं," ताई म्हणाल्या.

आता हे किती वेळा सांगायचं? तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी घड्याळ बघा आणि हॉस्पिटल गाठा. आपोआप बरं वाटलं तरीही गाठा, आणि काय घडलं ते डॉक्टरांना ठणकावून सांगा. चमत्कार तिथे नमस्कार, म्हणतात. हात जोडण्याआधी एवढंच विचारा: बरं वाटलं ते किती वाजता?