फळ्याचा फोटो

ही नोकरी मिळाली असती, तर हैमवतीच्या पदरात सगळ्यात आधी पडलं असतं ते तिचं स्वतःचं नाव. मेडचलच्या एंझाइम कारखान्यात जंतू वाढवायच्या टाक्या ती सांभाळायची आणि बैठकीत ‘मी हे करून पाहिलं’ असं तिचे साहेब नरोत्तम रेड्डी म्हणायचे. शामीरपेटच्या पुढच्या या बायोटेक कंपनीत तिची स्वतःची टाकी असणार होती, अहवालावर स्वतःची सही. पगारही वाढणार होता, पण तिच्या हिशेबात तो खालच्या ओळीत. जाणार होती ती फक्त एक रजा. त्या रजेसाठी सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं निमित्त काढावं लागलं होतं. डोळे ठणठणीत होते. रेड्डींचा फोन आलाच तर कण्हायचं, एवढं सासूबाईंनी कबूल केलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत तिच्याशेजारी पट्टाभी गारू, म्हणजे आपल्याकडचे पट्टाभीराव, बसले होते. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, औषध कंपनीतून नोकरकपातीत गेलेले. आधी आत गेलेला चैतन्य नावाचा पोरगेला उमेदवार घाम पुसत बाहेर आला.

“काय विचारलं रे?” पट्टाभींनी त्याला दारातच गाठलं.

“फेसच फेस, सार. टाकीत अर्ध्या वाटेवर फेस चढतो, उत्पादन निम्म्यावर येतं, कारण सांगा. मी फळाभर लिहिलं. निघताना त्यांनी फळ्याचा फोटो काढला.”

“फोटो?” पट्टाभी हैमवतीकडे वळले. “घ्या अम्मा. म्हणजे टाकी त्यांचीच आजारी आहे. जागा-बिगा काही नाही. जाहिरात द्यायची, आपल्यासारखे गोळा करायचे, उपमा खाऊ घालायचा आणि औषध फुकटात लिहून घ्यायचं. सल्लागार बोलावला तर तो बिल लावतो ना.”

“तुम्हाला कसं माहीत, गारू?”

“किती मुलाखती देऊन बसलोय मी. हे केस काय नवसाला दिलेत वाटतं?”

हैमवती हसली, पण शंका मनात शिरली ती शिरलीच. मग तिला सगळंच दिसू लागलं. उपम्यात काजू जरा जास्तच होते. भरतीचे किशोर गारू दर वेळी दार लोटून घेत होते. रुजू कधी होऊ शकाल, हे अजून कुणीच विचारलं नव्हतं.

आत मधल्या खुर्चीत डॉक्टर रंगनायकी होत्या. त्यांनी पडद्यावर आलेख लावला आणि हैमवतीला तो एका नजरेत उलगडला. दुखणं फेसाचं नव्हतंच, उताऱ्याचं होतं. फेस दिसला की कामगार घाबरून फेस मारायचं तेल एकदम ओतत होते. त्यानं हवेचे बारीक बुडबुडे एकत्र येऊन मोठे होत होते आणि खालचे जंतू गुदमरत होते. तेल थेंबाथेंबानं सोडलं असतं तर काम झालं असतं.

“टाकी तुमचीच का, मॅडम?” तिनं विचारलं.

“आमचीच. शेजाऱ्यांची कशी दाखवू?”

“कारण मला दिसतंय.”

“मग सांगा की.”

“रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगेन.”

किशोर गारू खोकले. रंगनायकींनी तिच्यापुढे धरलेला पेन परत घेतला आणि टोपण लावलं. “बरं,” त्या म्हणाल्या. फळा कोराच राहिला. हैमवती बाहेर आली ती बाजारात खिसा सांभाळून परतल्यासारखी.

परतीची गाडी सगळ्यांना एकदमच सोडणार होती. पट्टाभी आत गेले ते बाहेर येईनात. आले तेव्हा बोटं शाईनं निळी झाली होती.

“सांगितलंत की काय?”

“सगळं. तेल कसं सोडायचं तेही काढून दाखवलं.” ते ओशाळले. “काय करू, अम्मा? समोर जीव गुदमरतायत आणि मी तोंड मिटून बसू? चोरतात तर चोरू देत.”

गाडी अलवालला पोचेपर्यंत हैमवतीनं त्यांची मनापासून कीव केली.

पुढच्या महिन्यात पट्टाभींचा फोन आला. ते तिथं रुजू झाले होते.

“म्हणजे जागा खरी होती?” तिनं विचारलं.

“जागाही खरी, टाकीही त्यांचीच. फोटो तर उमेदवार ताडून बघायला काढायचे. माझा अंदाज अर्धाच चुकला बघा.” मग ते म्हणाले, “रंगनायकी मॅडम तुमची आठवण काढत होत्या. म्हणाल्या, त्या बाईंना कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. पण उद्या टाकी उतू जाताना कामगारानं विचारलं, तर त्या बाई तेव्हाही म्हणतील का, पुढच्या आठवड्यात सांगते?”

“टाकी बरी झाली?”

“झाली की. तुम्ही म्हणत होता तसंच निघालं.”

“मी काही म्हटलंच नव्हतं, गारू.”

“हां, तेही खरंच,” पट्टाभी म्हणाले. “मनावर घेऊ नका.”

तिनं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं मेडचलच्या टाकीवरही तेल थेंबाथेंबानं सोडायला लावलं, आणि आठवड्याच्या बैठकीत नरोत्तम रेड्डींनी वाढलेलं उत्पादन दाखवून सांगितलं, “मी हे करून पाहिलं.” टाळ्या झाल्या. कंपनीची टाकी बरी झाली, तिला माणूसही मिळाला आणि पट्टाभींना खुर्ची. संशय पट्टाभींचा होता, किंमत भरली हैमवतीनं, आणि पावती फाटली साहेबांच्या नावानं.