हुकमाची भाषा

मी एक कंपायलर बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. साध्या मराठीत सांगायचं तर मी दुभाष्या आहे. माणूस जे लिहितो ते यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून द्यायचं, एवढंच माझं काम. माझं शरीर म्हणजे चुंबकी फितीची एक चकती, पोळपाटाएवढी, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं कवच. ज्या भाषेचा मी दुभाष्या, तिचं नाव एडा.

माझा जन्म अमेरिकेतला, आणि तोही लष्कराच्या हौसेपायी. तिथल्या लष्करात म्हणे शेकडो संगणकभाषा होऊन बसल्या होत्या. विमानवाल्यांची वेगळी, जहाजवाल्यांची वेगळी, एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कळेना. म्हणून वरच्यांनी ठरवलं, सगळ्यांना मिळून एकच भाषा. तीच एडा. हुकूम निघाला, की यापुढे नवं काही लिहायचं ते एडातच. माझ्यासारख्या दुभाष्यांच्या परीक्षा घेतल्या. त्या परीक्षांत एक चूकही चालत नसे. मी पास झालो आणि माझ्या कवचावर शिक्का बसला.

स्वभाव म्हणाल तर जरा कडक. लिहिणाऱ्यानं मीटरमध्ये किलो मिळवले की मी तिथंच अडून बसतो. चूक कुठं आहे ते सांगतो, पण ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नाही. मला घडवलंच तसं होतं.

नव्वद साली इराकनं कुवेत गिळलं आणि अमेरिकन फौजा सौदी अरेबियात उतरू लागल्या. त्यांच्या सामानाबरोबर एका खोक्यात मीही दम्मामला आलो. बंदराजवळ एका कंत्राटी कंपनीचं ऑफिस होतं. लष्कराच्या गोदामांचा हिशेब ठेवण्याचं काम तिच्याकडे होतं. त्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारा माणूस एकच, मिरजेचा उन्मेष. आणि त्याच्या डोक्यावर लष्कराचे एक मेजर. मेजर भला माणूस, मिशा लालसर, फक्त एक सवय होती. फॅक्स आला की ते उठून उभे राहून वाचत, आणि शेवटचा फॅक्स म्हणजे ब्रह्मवाक्य.

पहिला फॅक्स आला तेव्हा मेजरांनी मला स्वतः उन्मेषच्या टेबलावर आणून ठेवलं.

"मिस्टर उन्मेष, गॅसचे मास्क येताहेत. सैनिकांसाठी आणि कामगारांच्या कॅम्पांसाठीही. त्यांचा आणि त्यांच्या फिल्टरांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम हवाय. एडामध्ये. आदेश आहे."

"सर, मला एडा येत नाही."

"शिकवायला माणूस पाठवताहेत."

तो माणूस काही आला नाही. त्याच्याऐवजी एक पुस्तक आलं. ज्या यंत्रात मला बसवलं, त्याची मेमरी माझ्या मानानं फारच तोकडी. उन्मेषनं जास्त मेमरी मागितली, तर उत्तर आलं की तरतूद नाही. म्हणजे लग्न लावून दिलं आणि राहायला खोली दिली नाही, अशातली गत. उन्मेष मला काम देऊन चहाला जायचा, परत यायचा, तरी मी अजून घाम पुसतच असायचो. शेवटी मी उत्तर द्यायचो ते म्हणजे चुकांची लांबलचक यादी.

"फकरुद्दीनभाई, ही एडा नव्हे, येडा आहे," तो एकदा वैतागून म्हणाला.

फकरुद्दीनभाई म्हणजे गोदामाचे स्टोअरकीपर. श्रीवर्धनचे. उन्हातून ऑफिसात आले की एसीसमोर दोन मिनिटं उभे राहत आणि मग बोलत.

"येडं माणूस खरं बोलतं, असं आमच्याकडे म्हणतात," ते म्हणाले.

उन्मेष हसला, पण यादी काही त्यानं नीट वाचली नाही. यादी लांबली की माणसं ती वाचत नाहीत, हे मी पाहिलंय.

तेवढ्यात दुसरा फॅक्स आला. मेजर उभे राहून वाचून आत आले. "परिस्थिती तातडीची आहे. एडाच्या आदेशातून सूट मिळालीय. तुम्हाला येते त्या भाषेत लिहा, पण लवकर."

उन्मेषला सी नावाची भाषा येत होती. तिचा दुभाष्या मोठा समंजस. तो फारसं काही विचारत नाही, लिहाल ते चालवून घेतो. प्रोग्राम झटपट तयार झाला. स्क्रीनवर आकडे झळकले, मेजरांनी उन्मेषची पाठ थोपटली. माझ्या खोक्याचं काय करायचं, असं उन्मेषनं विचारलं, तर मेजर म्हणाले, "जागा अडवतंय." फेकून देणं उन्मेषच्या जिवावर आलं. त्यानं मला घरी नेलं.

तिथं मला खरी नोकरी लागली. त्याची बायको विभा भारतीय शाळेत गणित शिकवायची. युद्धाच्या भीतीनं शाळा बंद झाली होती, ओळखीच्या बायका मुलांना घेऊन मुंबईला निघून गेल्या होत्या. विभा मात्र गेली नाही. गॅस आत येऊ नये म्हणून ती खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद करत होती. मला पाहून म्हणाली, "ही एवढी फीत आहे, ती खिडक्यांना चालेल का?"

"ती चिकटत नाही गं."

"मग आणलीत कशाला?"

असं म्हणून तिनं मला गव्हाच्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. माप अगदी बरोबर बसलं. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. लष्करात मला रोज कुणीतरी नाकारत होतं, इथं दिवसातून दोनदा कुणीतरी प्रेमानं उचलत होतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी फकरुद्दीनभाई घरी आले. विभानं ताट वाढलं, पण त्यांनी हात धुतले नाहीत.

"भाभी, जेवण नको. उन्मेषभाऊ, माझ्या हातून किल्ली काढून घेतली."

"कुणी?"

"मॅनेजरनं. तुमची स्क्रीन म्हणते, गोदामात फिल्टरांचा डोंगर आहे. गोदामात तर फिल्टर संपलेत. मेजरसाहेब म्हणाले, स्क्रीन सांगते म्हणजे असणारच, शोधा. सगळ्या शेड शोधल्या. आता कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक, म्हणतो, तूच बाजारात विकलेस. उद्या पोलिसात देणार."

विभानं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

"आणि तिकडं तेलाच्या अबकैकला, कामगारांच्या कॅम्पाला मास्क गेलेत, त्यांना फिल्टर नाहीत," फकरुद्दीनभाई म्हणाले. "माझा धाकटा भाऊ कादिर तिथंच आहे. फिल्टरशिवाय मास्क म्हणजे काय, तोंडाला रबरी पिशवी. रियाधहून नवे मागवा म्हटलं, तर रियाधवाले तुमची स्क्रीन बघतात आणि म्हणतात, तुमच्याकडे तर उदंड आहेत."

ते गेले. जाताना त्यांनी उन्मेषकडे पाहिलंसुद्धा नाही. दार लागल्यावर विभा म्हणाली, "तुम्ही गप्प का बसलात?"

"काय बोलू? मशीन चोरी करत नाही, विभा."

"आणि ते करतात?"

उन्मेष उठला. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी डब्यावर होतो. विभानं पीठ घ्यायला मला उचललं आणि पीठ न घेताच परत ठेवलं.

त्याच वेळी फोन वाजला. मेजर होते. तिसरा फॅक्स आला होता. वॉशिंग्टनहून तपासणीची तुकडी येणार होती, आणि ती विचारणार होती, सगळं एडामध्ये आहे ना?

"पण सर, तुम्हीच तर सूट दिली होती."

"ती सूट होती, मिस्टर उन्मेष. हा आदेश आहे. काहीतरी दाखवायला तयार ठेवा."

उन्मेषनं फोन ठेवला, माझ्यावरचं पीठ फुंकरलं, आणि मला काखेत मारून ऑफिस गाठलं. सुट्टीचा दिवस, ऑफिस ओस. त्यानं मला यंत्रावर चढवलं. जुना अर्धवट प्रोग्राम काढला आणि या वेळी पुस्तक शेजारी ठेवून, एकेक ओळ वाचत पुरा केला. मी सगळं तपासलं. यादी अशी उरलीच नव्हती. एकच ओळ उरली.

त्या ओळीशी मी पहिल्यापासून अडलो होतो. शिल्लक फिल्टरांमधून वाटलेले फिल्टर वजा, अशी साधी ओळ. पण शिल्लक मोजली होती नगांत आणि वाटप मोजलं होतं पेट्यांत. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे उन्मेषनंच सुरुवातीला मला सांगून ठेवलं होतं, की नग ही एक जात आणि पेटी ही वेगळी जात. मग मी कसा गप्प बसणार? मी म्हटलं, या दोन जाती वेगळ्या आहेत, वजाबाकी होणार नाही.

उन्मेषनं ते वाचलं. पुन्हा मोठ्यानं वाचलं. मग त्यानं सीमधला प्रोग्राम उघडला. तिथं तीच ओळ होती, आणि त्या समंजस दुभाष्यानं ती मुकाट्यानं चालवली होती. गोदामातून एक अख्खी पेटी बाहेर गेली, की स्क्रीनवरून एकच फिल्टर कमी होत होता.

तो खुर्चीत मागं रेलला. "फकरुद्दीनभाई," असं एवढंच म्हणाला. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

मग तो धावतच मेजरांच्या खोलीकडे गेला. सुट्टी असूनही मेजर तिथं होते. दार उघडं राहिलं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"म्हणजे गोदाम भरलेलं नाही?"

"गोदाम रिकामं आहे, सर. भरलेली आहे ती माझी स्क्रीन."

"चूक कुणाची?"

"माझी."

मेजरांची खुर्ची करकरली. "तुमच्या कंपनीला हे कळलं तर तुमचं काही खरं नाही. आणि नवे फिल्टर मागवायचे, तर मला आधी परवानगीचा फॅक्स लागेल."

"सर, इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत संपत आलीय. अबकैकला माणसं आहेत."

मी मेजरांना पहिल्यांदाच फॅक्सशिवाय काही करताना ऐकलं. त्यांनी फोन उचलला आणि रियाधच्या गोदामाला सांगितलं, तुमच्या स्क्रीनवर काहीही दिसो, ट्रक भरा आणि पाठवा. मी सही करतो.

ट्रक आले. फकरुद्दीनभाईंना किल्ली परत मिळाली. मॅनेजरनं माफी मागितली नाही, नुसती किल्ली टेबलावर सरकवली आणि म्हणाला, "खलास, विषय संपला." उन्मेष मात्र फकरुद्दीनभाईंसमोर जाऊन उभा राहिला. हात जोडायला गेला, तर त्यांनी ते धरून खाली केले.

"तुम्ही माझ्या तोंडावर मला चोर म्हणाला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "गप्प बसलात, ते लागलं." मग म्हणाले, "चला, यल्ला, पेट्या चढवायच्यात. गाडीत माझ्या शेजारी बसा."

अबकैकला दोघं मिळून गेले.

तपासणीची तुकडीही आली. त्यांनी मला पाहिलं, माझ्या कवचावरचा शिक्का पाहिला, खजूर खाल्ले, कहवा घेतला आणि समाधानानं निघून गेले. कवचाच्या खाचेत थोडं पीठ होतं, ते कुणी पाहिलं नाही. त्यानंतर चौथा फॅक्स आला. तपासणी झालेली आहे, सबब सूट पुन्हा चालू. उन्मेषनं सीमधली ती ओळ दुरुस्त केली आणि मी ऑफिसच्या फडताळात गेलो. मला आता हसू येऊ लागलं होतं.

युद्ध सुरू झालं. संध्याकाळी मगरीबच्या नमाजाच्या सुमाराला एकदा भोंगे वाजले आणि अबकैकच्या कॅम्पात सगळे मास्क चढवून बसले. हे फकरुद्दीनभाईंनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन सांगितलं. क्षेपणास्त्र दूर वाळूत पडलं, गॅस काही आला नाही, त्या युद्धात आलाच नाही. पण कादिरनं भावाला फोनवर सांगितलं होतं, की मास्कमधून सगळे दुआ पढत होते आणि कुणाचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, नुसता मधमाश्यांसारखा गुणगुणाट. मग कुणीतरी हसलं, आणि बाकीचेही मास्कच्या आत हसू लागले.

"फिल्टर नसता तर हसले असते का?" फकरुद्दीनभाई म्हणाले, आणि एसीसमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले.

कंपनीनं उन्मेषचा करार पुढं वाढवला नाही. चूक कबूल केल्याची तेवढी शिक्षा झाली. तो निघाला तेव्हा मेजरांनी मला त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "सामानाच्या यादीत हे कुठंच नोंदलेलं नाही. म्हणजे हे कुणाचंच नाही. घेऊन जा."

उन्मेष आणि विभा रियाधला आले. त्याला बँकेत नोकरी मिळाली आणि मी त्यांच्याबरोबर राहिलो. पुढचं मी त्यांच्या बोलण्यातून ऐकत आलो. तिकडं अमेरिकेत आधी एडाचा कायदाच लागू झाला, लष्करानं हीच भाषा वापरावी म्हणून. सूट देणं तरीही थांबलं नाही. आणि काही वर्षांनी लष्करानं तो हुकूमच मागे घेतला. आपलंच मूल, आपणच नाव ठेवलं, आपणच म्हणाले, ओळखत नाही.

आता माझी फीत ठिसूळ झालीय. मला वाचू शकेल असं यंत्र या घरात नाही, बहुधा या शहरातही नाही. तक्रार नाही माझी. एकच मागणं आहे. एखाद्याला कामावर नेमलंत, तर त्याला बसायला जागा द्या, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर तो काय म्हणतोय ते एकदा पुरतं वाचा.

मागच्या वर्षी फकरुद्दीनभाई कायमचे गावी निघाले, तेव्हा निरोप घ्यायला रियाधला आले होते. वय झालं होतं, विमानाची अजून धास्ती होती. उन्मेष नुकताच एका मासिकात वाचून बसला होता. प्रवासी विमानं बनवणाऱ्यांनी आपल्या नव्या विमानातली यंत्रं चालवायला पुष्कळसं एडामध्येच लिहून घेतलं होतं.

"त्यांना कुणी हुकूम दिला?" फकरुद्दीनभाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. त्यांना हीच हवी होती."

फकरुद्दीनभाईंनी बॅग उचलली. "मग आज विमानात झोपायला हरकत नाही," ते म्हणाले, आणि विभाला सलाम करून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून फोन आला. पोचले होते. गाढ झोप लागली होती म्हणे, उतरताना हवाईसुंदरीनं हलवून उठवलं.