भिमाबाईंची सतरंजी

मित्रांनो, कोपरखैरण्याच्या एका गल्लीत सगळे मला 'भिमाबाईंची सतरंजी' म्हणून ओळखतात. माझं वय पन्नाशीच्या घरात आहे. लाल आणि निळे पट्टे आता विटले आहेत, एका कोपऱ्याला ठिगळ आहे. तरी मी अजून कामात आहे. ते कसं, हे सांगायचं तर भिमाबाईंचीच गोष्ट सांगावी लागेल, कारण माझं आयुष्य त्यांच्या काखेत गेलं.

माझा जन्म सोलापूरचा. कृष्णात नावाच्या म्हाताऱ्या विणकरानं मला हातमागावर विणलं. "चार माणसं ऐसपैस बसतील अशी कर," असं गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. त्यानं दहा माणसांची केली. गिऱ्हाईक होते सदूभाऊ, भिमाबाईंचे यजमान. मराठवाड्यातलं गाव सोडून ते तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला लागले होते. एका खोलीचं बैठं घर होतं, आणि अभय नुकताच जन्मला होता. त्याच्या बारशाला माझी घडी मोडली. त्या घरात दुसरं काही अंथरायला नव्हतं, म्हणून माझं फार कौतुक झालं.

ते कौतुक महिनाभर टिकलं. एका दुपारी समोरच्या घरातले आजोबा वारले. माणसं जमली, पण टेकायला जागा नाही. सिमेंटची गल्ली तव्यासारखी तापलेली. आमच्या घरी तेव्हा जेवणं चालली होती. भिमाबाईंनी ताटं उचलली आणि मला ओढून काखेत मारलं.

"अगं, नवीकोरी हाय ती!" सदूभाऊ म्हणाले.

"मग? जुनी व्हायची वाट बघत बसू? म्हाताऱ्या बायका उभ्या हायेत तिथं. उभ्यानं दुःख निवत नाही."

त्या दिवसापासून भिमाबाईंनी एक रीत घातली. लग्नाला, बारशाला, साखरपुड्याला सतरंजी हवी असेल तर घरी येऊन मागायची. मयताच्या घरी मात्र ती न मागता जायची. तिथल्या माणसाला तोंड उघडायला लावायचं नाही.

रीत चांगली होती, पण तिच्यामुळे माझ्या वाट्याला बोलणीही आली. शेजारच्या दुर्गाबाईंचं माहेर सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं, मासळीचा धंदा आणि आवाज खणखणीत. त्यांच्या मुलीच्या हळदीला कोणीतरी माझं नाव काढलं, तशा त्या कडाडल्या, "मयताची सतरंजी हाय ती! माझे पोरीचे हळदीला नको हां, बाय."

भिमाबाई हसून म्हणाल्या, "दुर्गाबाई, तुम्ही मयताला जाऊन येता, तेव्हा घरचे तुम्हाला घरात घेतात का नाही?"

"अंघोळ करून घेतात ना!"

"हिलाही अंघोळ घातलीय. दोनदा. तुमच्यापेक्षा एकदा जास्त."

गल्ली हसली. दुर्गाबाईही हसल्या, पण मला काही त्यांनी हळदीला नेलं नाही. पुढे दोन वर्षांनी त्यांचे यजमान खाडीवरून परतलेच नाहीत. निरोप आला आणि दुर्गाबाई ओट्यावर उभ्याच्या उभ्या थिजल्या. भिमाबाईंनी मला त्यांच्या पायांशी अंथरलं आणि खांद्याला धरून खाली बसवलं. त्या बसल्या आणि मगच रडल्या. त्यांच्या बांगड्यांचे तुकडे कितीतरी दिवस माझ्या धाग्यांतून निघत होते.

बसायच्या कामाला मी कधी कमी पडले नाही. संध्याकाळी ज्या मुलांच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती, ती माझ्यावर बसून पाढे म्हणत. पोलिओच्या डोसाला आलेल्या आया माझ्यावर रांगेनं बसत. विहारातल्या वंदनेला मी होते, बायकांच्या साक्षरता वर्गालाही होते. चाळिशी उलटलेल्या भिमाबाई त्याच वर्गात अक्षरं शिकल्या. स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्यांनी इतका जोर लावला की खडू मोडला. मग शाळेतून आलेल्या अभयला पाटी दाखवत म्हणाल्या, "बघ रे, बरोबर हाय का?" त्यानं मास्तरासारखी पाटी तपासली आणि आईला शाबासकी दिली. त्या खडूची पांढरी धूळ माझ्या निळ्या पट्ट्यात बरेच दिवस होती. ती झटकायला त्यांना जिवावर येई.

माझा कोपरा फाटला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. वापर झाला की मला धुवून, कडकडीत वाळवून दाराच्या मागे उभी करायच्या. "हाताशी पाहिजे," म्हणायच्या.

वर्षं गेली. सदूभाऊ गेले. घरावर मजला चढला, फरशी आली, सोफा आला, अभयची बायको सोनम आली. सोनम मनानं चांगली, नोकरी करणारी, टापटिपीची. दाराच्या मागची माझी गुंडाळी तिला खुपायची.

"आई, आता एक फोन केला की खुर्च्या येतात," अभय म्हणायचा. "तू गुडघ्यांना त्रास देऊन कशाला ओझं वाहतेस? टेन्शन घेऊ नकोस."

"खुर्च्या बोलवाव्या लागतात, बाबा," एवढंच त्या म्हणायच्या.

पण गुडघ्यांनी खरंच साथ सोडली, आणि मी माळ्यावर गेले. या चैत्रात सोनमनं साफसफाई काढली. जुन्या कपड्यांबरोबर तिनं मलाही गोणीत कोंबलं, तोंड सुतळीनं आवळलं आणि गोणी जिन्याखाली ठेवली. रविवारी भंगारवाला यायचा होता. भिमाबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना हे कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या गेल्या. ब्याऐंशी वर्षांचं आयुष्य चहाचा कप पुरा होण्याआधी शांतपणे थांबलं.

जिन्याखालून मला सगळं ऐकू येत होतं. गल्ली भरली. आणि मित्रांनो, सतरंजी आणायचं कोणालाच सुचलं नाही. कसं सुचणार? पन्नास वर्षं ते काम एकच बाई करत होती, आणि आज तीच आत निजली होती. ज्यांच्या ज्यांच्या दारात मी गेले होते, ते सगळे उन्हात उभे होते. अभयनं खुर्च्यांसाठी फोन लावला. मंडपवाल्यानं तासाभराचा वायदा दिला. गोणीत मी तडफडत होते. सगळ्यांना पुरले, मग हिच्याच दारात मी नसणार का? आणि परवा तर रविवार!

इतक्यात काठीचा आवाज आला. पाठोपाठ तो खणखणीत आवाज, आता थोडा चिरकलेला. "अभय, तुझे आयशीची सतरंजी कुठं हाय?"

"माळ्यावर असेल, मावशी..."

सोनम धावत जिन्याखाली आली. सुतळीची गाठ सुटेना, तशी तिनं ती दातांनी तोडली. मला छातीशी धरून ती दारात आली आणि तिथंच अंथरलं. हिरवं ठिगळ वर आलं.

"मी ही टाकून देणार होते, मावशी," ती उभ्या उभ्याच पुटपुटली.

दुर्गाबाई आधी स्वतः टेकल्या. मग त्यांनी सोनमचा हात धरून तिला खाली ओढलं. "बस, पोरी. उभ्यानं दुख निवत नाय."

सोनम बसली आणि ठिगळावर कपाळ टेकून रडली. हळूहळू सगळी गल्ली माझ्यावर बसली. ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी माझी कड तरी हातात धरली. खुर्च्या तासाभरानं आल्या आणि उन्हात एकावर एक तशाच उभ्या राहिल्या.

भिमाबाईंच्या नावानं विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याला तीन दिवस झाले असतील. मागच्या आळीतले एक निवृत्त कारकून वारल्याची कुणकुण लागली. सोनम कणीक मळत होती. तिनं हात धुतले आणि दाराच्या मागून मला उचललं. हो, मी पुन्हा दाराच्या मागे आले आहे.

"अगं, कोणी बोलावलंय का?" अभयनं विचारलं.

"अशा घरचं बोलावणं येत नसतं," ती म्हणाली आणि मला काखेत मारून चपला न घालताच निघाली.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं काही तुमच्याही घरी असेल. ते धुवा, उन्हात वाळवा, फाटलं तर ठिगळ लावा. पण माळ्यावर टाकू नका, हाताशी ठेवा. माळ्यावरची सतरंजी वेळेवर पोचत नाही.