खाली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी बर्फपेटी आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. मध्य प्रदेशात देवासजवळच्या टोंकखुर्दच्या आरोग्य केंद्रात, जिन्याच्या पायथ्याशी माझी जागा. कोणी गोड बोलत माझ्याजवळ आलं, की मी समजते, याला काहीतरी हवं आहे.

रोग्यांच्या घशाचे, रक्ताचे नमुने थंड ठेवून भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचे, यासाठी मला घडवलं. साथीच्या वर्षांत मी दिवसाला दोन-दोन फेऱ्या केल्या. काय माझी ऐट होती तेव्हा! मग साथ ओसरली आणि माझ्यात कोणाचं दही, कोणाच्या लग्नाचं ताक, एकदा तर चक्क आमरस गेला. नीट धुतलं होतं का, हे कोणी विचारलंही नाही. माझा माणसांवरचा विश्वास तेव्हाच उडाला.

उमाबाई मात्र माझ्यासारख्याच. देवासच्या जुन्या मराठी घरातल्या, नमुन्यांचं काम बघणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. नवी साथ आली तर कोणी गडबडू नये म्हणून त्या दर तीन महिन्यांनी सगळ्यांकडून सराव करून घेत. नमुना म्हणून बाटलीत गुलाबाचं सरबत. नियम एकच: पेटी धुऊन रिकामी झाली, की झाकणावर हिरवी चिठ्ठी लावायची. चिठ्ठी नसेल तर पेटी भरलेली समजायची, मग प्रत्यक्ष देव येऊन काही सांगो.

एका सरावात नवी परिचारिका वल्लरी चिठ्ठीविना मला हात लावेना. गाडीचा चालक भूपेंद्र मोठ्याने हसला. "अरे बेन, शरबत ही तो है!" मग सगळेच हसले. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं, हसण्याला भिऊन ही पोरगी पुढच्या वेळी नियम सोडणार.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या तळ्यावर कावळे पटापट मेले. ते हातांनी उचलणाऱ्या दोन मजुरांना ताप चढला. उमाबाईंनी त्यांच्या घशाचे नमुने घेऊन माझ्यात बंद केले, मला माझ्या जागी ठेवलं आणि कागद भरायला त्या वर गेल्या. भोपाळची गाडी यायला दोन तास होते. त्यांनी वरूनच हाक दिली, "वल्लरी, पेटी खाली आहे गं!"

आता आमच्याकडे या 'खाली'ला दोन पोटं आहेत. उमाबाईंचं खाली म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी. वल्लरी घरी मराठी बोलते, पण तिची शाळा हिंदीत झाली आणि दिवसही हिंदीतच जातो. तिला ऐकू आलं, पेटी रिकामी आहे.

तेवढ्यात भूपेंद्र आला. त्याच्या मुलीचा, रुचीचा, सहावा वाढदिवस होता.

"बेन, ये डब्बा शाम तक ले जाऊँ? बच्चों के लिए कुल्फी लानी है."

"ले जाओ भिया. मावशी अभी बोलीं, खाली है."

त्याने मला उचललं. ज्या पेटीत त्या मजुरांचे नमुने होते, तिच्यातच रुचीची कुल्फी! मी घाबरून ओरडलेच असते, पण पेटीला तोंड कुठे असतं? त्याचा अंगठा माझ्या कडीवर आला.

"खाली डब्बा, और इत्ता भारी?" तो पुटपुटला.

वल्लरीने वळून माझ्या झाकणाकडे पाहिलं.

"भिया, नीचे रखो!"

"तूने ही तो बोला खाली है."

"बोला था. पर चिट नहीं है. खोलना मत, रखो!"

तो याही वेळी हसला. पण या वेळी ती रडली नाही. माझ्यासमोर आडवी उभी राहून तिने वर हाक मारली, "मावशी, पेटीत काही आहे का?"

उमाबाई अनवाणीच धावत खाली आल्या. "अगं, खाली म्हणजे इथे, जिन्याशी! त्या मजुरांचे नमुने आहेत त्यात!"

भूपेंद्रचं हसू मावळलं. त्याने साबणाने तीनदा हात धुतले आणि तसाच भिंतीला टेकून बसला. "मेरी रुची," एवढंच तो म्हणाला.

त्या नमुन्यांत काय निघालं, ते मला कोणी सांगितलं नाही. पेटीला कोण सांगतं! पण त्या दिवसापासून केंद्रात 'खाली' हा शब्द बंद झाला. आता भूपेंद्रही मला उचलण्याआधी माझं झाकण बघतो.

मित्रांनो, इतर वस्तू तुमच्याकडे माया मागतात. मी संशय मागते. मला धुवा, पुसा, आणि माझ्याबद्दल कोणीही काहीही सांगितलं तरी आधी चिठ्ठी बघा. रुचीची कुल्फी त्या दिवशी म्हणे बर्फपेटीविना घरी पोचेपर्यंत वितळून गेली. पोरांनी ती वाट्यांतून प्यायली आणि वाट्या चाटूनपुसून साफ केल्या.